पडीक म्हणू नका माळाला

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून सारे आयुष्य जमा आणि नावे या दोन रकान्यांत गेले. उरलेला वेळ वस्तीतील मंडळाला, अभ्यासिकेला आणि लोकांच्या अर्ज-विनंत्यांना दिला. रानावनाशी आमचा संबंध तसा थोडाच. पण गेल्या डिसेंबरात आमच्या सहावीतल्या मुलीने आम्हाला एका प्रश्नाने गप्प केले. तो प्रश्न आणि त्यातून पुढे घडलेली हकिगत वाचकांच्या कानी घालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

शाळेतून तिला प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातील वन्यजीव आणि त्यांची वसतिस्थाने'. तिने चित्रे काढली वाघाची, सिंहाची, जिराफाची. आम्ही कौतुकाने पाहत होतो. आमच्या सहचारिणी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अगं, जिराफ आपल्या सोलापुरात कुठून आला?" मुलगी आमच्याकडे वळली. "मग पप्पा, आपल्याकडे कोण राहतं ते तुम्ही सांगा."

आम्ही चिमणी म्हणालो, कावळा म्हणालो, साप म्हणालो आणि थांबलो. पस्तीस-चाळीस वर्षे ज्या जिल्ह्याचे मीठ खाल्ले, त्या जिल्ह्यात कोणकोणते जीव राहतात, हे आम्हाला सांगता येईना. शेवटी रविवारला जोडून एक रजा टाकली आणि तिघेही उत्तर सोलापूर तालुक्यातील आमच्या मामांच्या गावी गेलो.

मामांचे वय आता पंचाहत्तर. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आज्यांनी, १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला होता. पुढे गायरानाचा तीन एकराचा तुकडा कुटुंबाने कसायला घेतला. सातबाऱ्यावर नाव लागायला कितीतरी वर्षे गेली. कागदोपत्री ती जमीन 'पडीक'. पण त्या पडीक जमिनीच्या बाजरीवर आमची आई वाढली, हे आम्ही विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मामांनी आम्हाला उठवले. अंगावर घोंगडे, हातात काठी. मुलीला म्हणाले, "चल बाई, माझे शेजारी दावतो तुला. पर बोलायचं न्हाई."

शेताच्या वरच्या अंगाला माळ सुरू होतो. गुडघाभर वाळलेले पिवळे गवत, मधे मधे तरवड, बोरी, एखादी हिवराची काटेरी झुडुपे. आम्हाला तरी तिथे काहीच दिसेना. मामा एका बांधाआड बसले, आम्हीही बसलो. हळूहळू माळ बोलू लागला. चंडोल पक्षी गात गात सरळ आभाळात चढला आणि दगडासारखा खाली आला. माळटिटवी ओरडली. एक लांब पंखांचा पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत गेला. तो भोवत्या, म्हणजे मध्य आशियाकडून हिवाळा काढायला येणारा शिकारी पक्षी. रात्री तो झाडावर झोपत नाही, गवतातच जमिनीवर झोपतो, हे आम्हाला प्रथमच कळले.

मग मुलीने आमचा दंड घट्ट धरला. समोरच्या उतारावर वीस-पंचवीस काळविटे चरत होती. माद्या आणि पिले बदामी रंगाची. मधे एक नर, पाठ काळीभोर, पोट पांढरे, पिळदार शिंगे. आमच्या बाजूने वारा फिरला आणि एका मादीने मान वर केली. एकीने उडी घेतली, मग सारा कळप उड्या घेत बघता बघता टेकाडापार गेला.

मुलीने हळूच विचारले, "आजोबा, ते झाडीत का लपले नाहीत?"

"त्यांचं डोळं आन् त्यांचं पाय हीच त्यांची हत्यारं, बाई," मामा म्हणाले. "लांबनं दिसलं पायजे आन् पळाया मोकळी जागा पायजे. झाडीत अडकलं की मेलं. पिलू ल्हान असलं की मादी त्याला गवतात दडवती आन् आपण लांब चरती. गवत न्हाई तर पिलू कुठं ठिवायचं?"

वसतिस्थान हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. घर म्हणजे चार भिंती असेच काही नाही. काळविटाचे घर म्हणजे मोकळा माळ, जिथे भिंत नाही हीच सोय.

त्या दोन दिवसांत मामांनी आम्हाला अशी किती घरे दाखवली! माळाखालच्या ओढ्याच्या मातीच्या दरडीत खंड्याने बीळ केले होते. त्याला पाण्याशेजारी उभी दरड हवी. पाणी आहे पण दरड जेसीबीने सपाट केली, तर खंड्याचे घर गेले. परतताना हिप्परगा तलावावर थांबलो. काठच्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे, आत खोल पाण्यात काळे वारकरी पक्षी आणि बदके. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील तलावांवर उतरतात. उजनीच्या फुगवट्यावर पाणी ओसरू लागले की चिखलात चरायला रोहित पक्षी येतात. कुणाला चिखल हवा, कुणाला खोल पाणी, कुणाला दरड, कुणाला गवत. एकाचे घर दुसऱ्याला चालत नाही.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. माळाच्या एका कोपऱ्यात गिरिपुष्प आणि सुबाभळीची झाडे रांगेने उभी होती. आम्ही ती ओळखली, कारण ती आम्हीच लावली होती. २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने ग्रामपंचायतीची परवानगी काढून त्या 'ओसाड' जागेवर तीनशे खड्डे घेतले. फोटो निघाले, भाषणे झाली. प्रास्ताविक आम्हीच केले होते. ओसाड भूमी हिरवी करू, असे काहीसे बोललो होतो.

मामा त्या रांगांकडे पाहून म्हणाले, "बाळ, ह्या अंगाला आता हरणं येत न्हाईत. सावलीत गवत बी मेलं. आधी माझ्या शेळ्या तरी चरायच्या हितं."

"मग मामा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हाताऱ्याला काय कळतंय, म्हणला असतासा," मामा शांतपणे म्हणाले.

वाचकहो, आम्ही मान खाली घातली. कारण आम्ही तसेच म्हणालो असतो. नंतर वाचनालयात बसून जमेल तेवढे वाचले, तेव्हा मामांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. आपल्या या भागात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन मुरमाड आणि मातीचा थर पातळ. अशा ठिकाणी दाट जंगल मुळात नसतेच. गवत हेच तिथले अस्सल रान. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी जिरवतात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही दोन्ही झाडे मध्य अमेरिकेकडची. झाड वाईट नाही. पण चुकीच्या जागी लावलेले झाड दुसऱ्याचे घर मोडते.

याच माळावर मामांनी तरुणपणी माळढोक पाहिला आहे. माणसाच्या कमरेच्या वर येणारा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अभयारण्य झाले. नान्नज हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण. पण माळ नांगरले गेले, झाडे लागली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि एवढे जड शरीर ऐनवेळी वळत नाही, म्हणून तो तारांवर आदळून मरतो. आज साऱ्या देशात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम चालू आहे. आमच्या मुलीने विचारले, "मला दिसेल का?" मामांनी उत्तर दिले नाही.

इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की गरिबाने आधी पोट पाहावे की पाखरू? आमच्या कितीएक बांधवांच्या नावावर आजही गुंठाभर जमीन नाही. गायरानासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. माळढोक अभयारण्याची पहिली हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तिच्यात गावे, वाड्या, शेते सारे आले आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत लोकांना अडचणी सोसाव्या लागल्या. पुढे ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. लोकांना विश्वासात न घेता आखलेली रेघ ना माणसाला सुख देते, ना पाखराला, हा त्यातला धडा.

मामांचे एक करडू मागच्या वर्षी लांडग्याने नेले. गरिबाच्या घरचे करडू म्हणजे औषधपाण्याचा पैसा. आम्ही विचारले, राग नाही आला? म्हणाले, "आला की. पर लांडगं नसतं तर उंदरं-घुशींनी शेतात काय ठिवलं असतं?" नुकसानभरपाई मिळते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. वन्यप्राण्याने जनावर मारले तर ताबडतोब वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. आम्ही कार्यकर्ते म्हणवतो आणि आमच्या सख्ख्या मामांना एवढी माहिती पोचवली नव्हती, याची लाज वाटली.

आमचे म्हणणे असे. मामांचे तीन एकर आणि काळविटाचा माळ यांचे भांडण नाही. साठ वर्षे दोघे शेजारी नांदले. माळ खरा गिळतात ते तिसरेच. 'पडीक' हा शब्द त्यांच्या सोयीचा आहे. जमिनीला एकदा पडीक म्हटले की ती कोणाचीच राहत नाही, शेळ्या चारणाऱ्याचीही नाही आणि चंडोलाचीही नाही. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवून निरुपयोगी ठरवले गेले, त्या समाजाने तरी हा शब्द जपून वापरावा.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी स्तंभावर कोरलेल्या आज्ञेत कोणकोणते पशुपक्षी मारू नयेत, याची यादीच दिली आहे. त्यात पोपट, मैना, वटवाघूळ, कासव असे साधे जीव आहेत. ज्यात जीवजंतू आहेत तो भुसा जाळू नये, विनाकारण रान पेटवू नये, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे जिवाबरोबर त्याचे घरही राखावे, हे त्या राजाला सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी उमगले होते.

यंदा मेमध्ये मंडळाची बैठक झाली. विषय पुन्हा तोच, माळावर वृक्षारोपण. वर्गणीचे बारा हजार जमले होते, फलकही छापून आला होता. आम्ही उठून विरोध केला आणि २०२१ ची चूक आमची होती, हे सर्वांसमोर कबूल केले. एक तरुण सहकारी चिडून म्हणाला, "साहेब, कार्यकर्ता माणूस झाडांच्या विरोधात?" दोन तास वाद झाला. शेवटी ठरले की रोपे लावायची, पण वस्तीत, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला आणि विहाराजवळ. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज अशी आपली झाडे. माळाला हात लावायचा नाही. निर्णय एकमताने झाला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. तो तरुण सहकारी अजून आमच्याशी मोजकेच बोलतो. पुढच्या हिवाळ्यात त्याला मामांच्या बांधावर नेऊन बसवायचे आम्ही मनात धरले आहे.

माता-भगिनींनो, बांधवांनो, सुट्टीत मुलांना गावाकडे न्याल तेव्हा एक सकाळ माळावर, ओढ्यावर, तलावावर काढा. वाळले गवत पेटवू नका, त्यात अंडी असतात, पिले असतात. कुत्री काळविटांमागे सोडू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्यापाशी असलेले ज्ञान कुठल्याही वहीत उतरलेले नाही.

आमच्या मुलीने वहीतला जिराफ खोडला. त्या जागी काळवीट काढले, गवतात दडलेले पिलू काढले. खाली तिने लिहिले, 'पत्ता : आजोबांच्या शेताशेजारी'. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण गेला, कारण चित्रात झाडे कमी होती.