दुसरे वल्हे

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. त्याच किल्ल्यांचा आणखी एक जोड मोहोरबंद लिफाफ्यात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. उल्हासनगर आणि अंबरनाथच्या शाखांत असताना त्या लिफाफ्याची पावती वेळेवर आली नाही, तर मला जेवण गोड लागत नसे. सहकारी पाठीमागे मला ‘डुप्लिकेट साहेब’ म्हणत.

अशा माणसाने वल्ह्याची दोरी स्वतःच्या हाताने सोडावी, याला काय म्हणावे?

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही बदलापूरहून मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. चौदा वर्षांच्या नातवाने कयाकचा हट्ट धरला. कयाक म्हणजे अरुंद, बुटकी होडी. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते असलेले. आम्हाला दोघांना दोन होड्या मिळाल्या. लाइफ जॅकेट दोघांनी घातले. माझे वल्हे होडीला हातभर दोरीने अडकवलेले होते. ती पायांत येते, असे सांगून मी ती सोडली. खरे कारण वेगळे होते. किनाऱ्यावर माणसे पाहत होती, आणि बालवाडीतल्या मुलाच्या गळ्यात बाटली अडकवावी तसा तो प्रकार मला वाटला.

खाडीच्या मध्यावर चष्म्यावर पाणी उडाले. वल्हे मांडीवर आडवे ठेवून मी चष्मा पुसू लागलो, तोच एक मच्छीमार बोट जवळून गेली. होडी डुलली, वल्हे घसरले. ते बुडाले नाही. दोन हातांवर तरंगत होते. मी तळहातांनी पाणी मारू लागलो, तर होडी जागच्या जागी फिरू लागली. होडीचा भाग पाण्याबाहेर असतो, त्याला वारा ढकलतो. पाण्यात आडवे पडलेले वल्हे मागेच राहते. दोन हातांचे अंतर बघता बघता वीस हातांचे झाले. त्यातच ओहोटी लागली होती आणि पाणी मुखाकडे ओढत होते.

“आजोबा, थांबा, मी आलो!” नातू ओरडला. कशाने थांबणार होतो? तो माझ्यामागे मुखाकडेच निघाला. मागे फिर, असे मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण त्याने ऐकले नाही. माझ्या एका दोरीपायी हे पोर समुद्रात जाईल, हा विचार आजही मला झोपेतून उठवतो.

एका होडीवाल्याने आम्हा दोघांना ओढून आणले. “आजोबानू, दोरी कित्याक सोडलात?” एवढेच त्याने विचारले. मी मान खाली घातली.

किनाऱ्यावर झोपडीला टेकून दहा-बारा वल्ही उभी होती. बँकेची दुसरी किल्ली दूर ठेवायची, कारण धोका जागेला असतो. होडीत नेमके उलटे. जादा वल्हे बसल्या जागेवरून हाताला लागेल असे होडीलाच बांधलेले हवे. यासाठी दोन तुकड्यांची, जोडता येणारी वल्ही मिळतात.

दोरी मात्र सगळीकडे चालत नाही. पुढे कोलाडला कुंडलिकेवर एका प्रशिक्षकाने मला ते समजावले. भिरा वीजगृहातून सोडलेले ते पाणी वेगाने धावते. तिथे होडी उलटली, तर दोरी हातापायाला गुंडाळते, खडकात अडकते आणि माणसाला खालीच धरून ठेवते. खाडीत किंवा तलावात दोरी बांधावी, धावत्या नदीत सोडावी. जादा वल्हे दोन्हीकडे न्यावे. उल्हास नदी पावसाळ्यात काय करते, ते २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सर्वांना दाखवले आहे. त्या दिवसांत दोरीचा नि वल्ह्याचा प्रश्नच नाही, घरी बसावे.

आता आमच्या कपाटावर दोन तुकड्यांचे एक वल्हे आहे. नातवाने त्यावर मार्करने ‘डुप्लिकेट’ असे लिहून ठेवले आहे.