घरचा हिशेब आणि नवी वही

हिशेबाची वही ही गृहस्थाश्रमांतील सर्वांत रुक्ष वस्तु आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस हें ठाऊक असतें कीं, घरांतील माणसांचा परस्परांवरील विश्वास जितका प्रेमावर उभा असतो, तितकाच तो स्वच्छ हिशेबावरहि उभा असतो. चार मिळकती एका जागीं आल्या म्हणजे कोणीं किती घातले, कशासाठीं काढले आणि शिल्लक किती, या तीन प्रश्नांचें उत्तर घरांतील कोणासहि केव्हांहि मिळालें पाहिजे. एवढ्यासाठींच आपल्या वाडवडिलांनीं रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद अशी व्यवस्था लावून दिली होती. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार घडला तसा लिहावयाचा, खतावणींत तो ज्याच्या त्याच्या खातीं न्यावयाचा, आणि वर्षअखेर सर्वांचा मेळ घालावयाचा.

आतां ती लाल कापडी बांधणीची वही बहुतेक घरांतून गेली, आणि तिच्या जागीं संगणकावरील स्प्रेडशीट आली. हें साधन परकें वाटलें तरी त्याचा जन्म वहीच्या रकान्यांतूनच झाला आहे. हार्वर्ड येथें व्यापारशिक्षण घेणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याच्या मनांत असें आलें कीं, फळ्यावरील कोष्टकांत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुसून पुन्हां मांडावे लागतात. तें काम यंत्रानें आपोआप कां करूं नये? त्यानें बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्यानें १९७९ सालीं ‘व्हिजिकॅल्क’ तयार केलें. पुढें १९८३ सालीं ‘लोटस वन-टू-थ्री’ आलें, आणि १९८५ सालीं ‘एक्सेल’. आज कोल्हापुरांत शाहूपुरींतील गुळाच्या पेढीपासून आमच्या शुक्रवार पेठेंतील स्वयंपाकघरापर्यंत तेंच राज्य करीत आहे.

आमच्या घरांत हें राज्य थोरल्या भावोजींनीं आणलें. ते मोठे टापटिपीचे गृहस्थ. पंधरा वर्षें त्यांनीं घरचा सारा हिशेब एक्सेलमध्यें ठेविला, आणि आम्हां कोणास त्यांत कधीं डोकावण्याची गरज भासली नाहीं. २०२१ च्या मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत ते गेले. दिवस झाल्यावर जाऊबाईंनीं ती फाईल माझ्यापुढें उघडली. आंकडे सर्व होते, पण त्यांचा अर्थ भावोजींबरोबर गेला होता. कांहीं कोठे पिवळे, कांहीं हिरवे. मध्येंच एकादी बेरीज. आणि एका हिरव्या कोठ्यांत ‘धाकटा, २,००,०००’ एवढीच नोंद. धाकट्या भावोजींनीं घर बांधतांना सामाईक पैशांतून दोन लाख घेतले होते, हें सर्वांस माहीत होतें. ते म्हणाले, ‘मीं दादाला परत दिले आहेत.’ पण हिरवा रंग ‘दिले’ असें सांगत होता कीं ‘परत आले’ असें, हें सांगणारा कोणी उरला नव्हता. अखेर बँकेच्या जुन्या पासबुकांत ती रक्कम जमा झालेली सांपडली, आणि धाकट्यांचा शब्द खरा ठरला. परंतु त्याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्या घरीं कोणी कोणास उणा शब्द बोललें नाहीं. पण पानावर बसतांना जी शांतता असे, ती मला अजून आठवते.

तेव्हांपासून हिशेब माझ्याकडे आहे. एक्सेल चांगलें येणें म्हणजे अवघड सूत्रें पाठ असणें नव्हे, तर आपल्यामागें दुसऱ्यास वाचतां येईल अशी वही ठेवणें होय, असें माझें मत झालें आहे. त्या दृष्टीनें उपयोगी पडलेल्या कांहीं गोष्टी येथें देतें.

पहिली गोष्ट, रोजकीर्द आणि गोषवारा हीं दोन पानें वेगळीं ठेवावीं. रोजकीर्दीच्या पानावर एका ओळींत एकच व्यवहार लिहावा. तारीख, रक्कम, जमा कीं खर्च, बाब, कोणाच्या हातून आणि शेरा, एवढे सहा रकाने पुरेत. मध्यें रिकामी ओळ सोडूं नये, दोन कोठे जोडून एक करूं नयेत, आणि बेरीज तेथें मुळींच घालूं नये. रंगावर कोणताहि अर्थ सोंपवूं नये. जें सांगावयाचें तें शब्दांत लिहावें. ‘परत आले’ हे दोन शब्द लिहावयास किती वेळ लागतो?

दुसरी गोष्ट, या ओळींस एक्सेलमध्यें ‘टेबल’चें रूप द्यावें. कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या कीं काम होतें. मग नवी ओळ खालीं लिहिली तरी टेबलाच्या नांवानें केलेली बेरीज तिला आपोआप पोटांत घेते. हें किती महत्त्वाचें आहे, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोघां नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं एक निबंध लिहून, राष्ट्राचें कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलें कीं वाढ खुंटते, असें दाखविलें. २०१३ सालीं थॉमस हर्नडन नांवाच्या एका विद्यार्थ्यानें त्यांचें कोष्टक तपासलें, तेव्हां सरासरीच्या सूत्रांत २० देशांपैकीं ५ देशांच्या ओळी धरल्याच नव्हत्या, असें निघालें. निबंधांत इतरहि दोष निघाले. पण हा दोष सूत्र पांच ओळी आधींच थांबल्यासारखा, अगदीं घरगुती स्वरूपाचा होता.

तिसरी गोष्ट बाबींच्या नांवांची. आमच्या घरीं कोणी ‘दूध’ लिहितें, कोणी ‘दुध’. माणसाला दोन्ही एकच, पण यंत्राला हे दोन निराळे पदार्थ आहेत, आणि महिन्याचा दुधाचा खर्च काढतांना त्यांतला एक निमूटपणें गळून जातो. याकरितां ‘डेटा व्हॅलिडेशन’ या सोयीनें बाबींची ठरीव यादी करून द्यावी. म्हणजे लिहिणारानें यादींतून निवडावयाचें, स्वतःचें शुद्धलेखन चालवावयाचें नाहीं. एकदां यादी शुद्ध झाली कीं ‘पिव्हट टेबल’ चार टिचक्यांत खतावणीचें काम करून देतें: कोणत्या महिन्यांत किराण्यास किती, औषधांस किती, नवरात्रांत किती.

चौथी गोष्ट तारखांची आणि लांब आंकड्यांची. एक्सेल फार मदतशील आहे, आणि न विचारतां मदत करणाऱ्या पाहुण्याप्रमाणें तें कधीं कधीं घोटाळा करून ठेवतें. तारखेसारखें जें जें दिसेल त्याची तें तारीख करून टाकतें. मनुष्याच्या कांहीं जनुकांचीं नांवें ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा धर्तीचीं होतीं. त्यांच्या इतक्या वेळां तारखा झाल्या कीं, अखेर २०२० सालीं अशा जनुकांचीं नांवेंच शास्त्रज्ञांनीं बदललीं. तसेंच, पंधरापेक्षां अधिक अंकांची संख्या तें पुरती जपत नाहीं. सोळा अंकी कार्डाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, आणि खातेक्रमांकाच्या आरंभींचीं शून्यें नाहींशीं होतात. म्हणून असे क्रमांक लिहिण्यापूर्वीं तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

पांचवी गोष्ट स्थिर कोठ्याची. खर्चाची वांटणी करतांना माणसांची संख्या एका कोठ्यांत लिहून प्रत्येक ओळींत तिनें भागावें लागतें. सूत्र खालीं ओढलें कीं त्यांतील सर्व पत्ते एकेक ओळ खालीं सरकतात, आणि संख्येचा पत्ताहि त्यांबरोबर चालूं लागतो. तो जागीं राहावा म्हणून त्यांतील अक्षर व अंक यांच्या आधीं डॉलरचें चिन्ह घालावें. एफ-चार ही कळ दाबल्यानें तें आपोआप येतें. घरांत पाहुणे कितीहि फिरले तरी देव्हारा जागचा हालत नाहीं, तसाच हा कोठा.

रंग अगदीं वर्ज्य आहेत असें नाहीं. मात्र ते नियमानें आले पाहिजेत, मनानें नव्हे. आमचें घर पंचगंगेपासून फार दूर नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत आणि भावोजी गेले त्याच वर्षीं, २०२१ च्या जुलैंत, राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. आतां पावसाळ्यांत मी रोज ती पातळी आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकीं किती उघडले, हें एका पानावर लिहून ठेवतें. ‘कंडिशनल फॉर्मॅटिंग’नें ३९ फुटांची इशारा पातळी आली कीं कोठा पिवळा होतो, ४३ फुटांची धोका पातळी आली कीं तांबडा. नियम पानाच्या माथ्यावर शब्दांत लिहिलेला आहे. तांबडा दिसला कीं कोणास न विचारतां घरांतलीं मुलें खालच्या फडताळांतलीं कागदपत्रें माळ्यावर नेऊं लागतात.

सहावी गोष्ट ताळ्याची. गोषवाऱ्याच्या पानावर एक कोठा असा असावा कीं, आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, यांतून पासबुकांतील आणि हातांतील रोकड वजा केली म्हणजे उत्तर शून्य यावें. शून्य आलें नाहीं तर त्या रात्रींच शोध घ्यावा. महिना लोटला कीं दोनशें रुपयांचा शोध दोन दिवस खातो. फाईलहि जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारांत न ठेवतां नव्या प्रकारांत ठेवावी. जुन्या प्रकारांत ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यांत १०,४८,५७६. घरच्या हिशेबास पहिल्याहि पुष्कळ झाल्या. पण इंग्लंडांत २०२० सालीं याच मर्यादेमुळें कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आंकड्यांतून गळाली, आणि त्यांच्या सहवासांत आलेल्यांस कळविण्यास त्यामुळें उशीर झाला.

सर्वांत शेवटीं, फाईलचें पहिलें पान ‘आधीं हें वाचा’ या नांवाचें करावें. कोणत्या पानावर काय आहे, प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, कोणतीं खातीं कोणत्या बँकेंत आहेत आणि कोणाचें येणें-देणें उरलें आहे, हें त्यावर साध्या मराठींत लिहावें. फाईलची एक प्रत दुसऱ्या संगणकावर असावी, आणि ३१ मार्चच्या ताळेबंदाचा छापील कागद माळ्यावरच्या पेटींत पडावा. महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी गोषवारा सर्वांपुढें वाचून दाखवितें. जाऊबाई चष्मा लावून प्रत्येक ओळ विचारतात. धाकट्या भावोजींची कन्या बारावींत आहे, ती दोन महिन्यांआड माझ्याऐवजीं नोंदी करते. तिनें लिहिलेलें मी वाचतें, मीं लिहिलेलें ती वाचते. जेथें तिला अडतें, तेथें दोष तिच्या समजुतीचा नसून माझ्या मांडणीचा आहे, असें धरून मी तो रकाना सुधारतें.