तुपावरचा आरोप

इंदूरच्या आमच्या घरात तूप वाढताना कोणी हात आखडता घेत नसे. निवृत्तीनंतर माझे एलडीएल २१० निघाले आणि सौभाग्यवतींनी स्वतःच्या हातालाच दोष दिला. तूप अगदी निर्दोष नव्हे; परंतु बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच घडवते. रक्तातील एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर मुख्यतः यकृतात असतात. ते वारशानेच कमी असले, की नुसते पथ्य पुरत नाही. ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल या उलगड्यासाठीच मिळाले. स्टॅटिनने निर्मिती रोखली, की यकृत रिसेप्टर वाढवते. माझा आकडा १०५ वर आला.

वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा आम्ही कचेरीतील दगदगीला बोल लावला होता. चिरंजीव आता अडतीस वर्षांचे. तपासणीचा विषय काढला, की म्हणतात, ‘‘बाबा, मी तूप खातच नाही.’’