वारीहून परतलेल्या काकांच्या संगणकाला पत्ता मिळेना

आषाढी उलटून काही दिवस झाले होते. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कार्यालयात वारीहून परतलेल्या काकांनी पंधरवड्याने संगणक लावला. नेट नाही! शेजारच्या टेबलांवर सगळं सुरळीत. नेटवर्क सांभाळणारा तरुण आला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. पडद्यावर 169.254ने सुरू होणारा आयपी पत्ता होता. म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून काहीच मिळालं नव्हतं, संगणकाने स्वतःच एक पत्ता घेऊन टाकला होता.

आदल्या रात्री लाइटच्या खेळखंडोब्यात कार्यालयाच्या दोन राऊटरपैकी पहिल्याचा पॉवर सप्लाय उडाला होता. दुसऱ्याने लगेच काम उचललं, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता.

नवा संगणक पत्ता मागतो तो 255.255.255.255 असा सगळ्यांना हाक मारून. ही हाक आळीपुरतीच. राऊटर ती पलीकडे जाऊ देत नाही. डीएचसीपी सर्व्हर तर वेगळ्या नेटवर्कवर. म्हणून राऊटरलाच मध्यस्थ करतात: तो मागणीत स्वतःचा पत्ता लिहून ती सर्व्हरकडे धाडतो आणि त्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवतो, कोणत्या गटातला आयपी द्यायचा. ही सोय डीएचसीपीच्या आधीच्या, 1985च्या बूटपीपासूनची. डीएचसीपीच्या 1997च्या आरएफसी 2131 या मानकानेही ती कायम ठेवली. सिस्कोच्या राऊटरवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ ही एक ओळ पुरते. दुसऱ्या राऊटरवर नेमकी तीच नव्हती.

मग बाकीचे कसे चालले? इथे पत्त्याची लीज, म्हणजे वापराची मुदत, आठ दिवसांची. निम्मी मुदत सरली की संगणक थेट सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेतो, मध्यस्थ लागतच नाही. काकांची लीज मात्र वारीतच संपली होती. असला बिघाड कित्येक दिवस लपून राहतो, हाच त्यातला खरा त्रास.

तरुणाने ओळ टाकली. पहिला राऊटर परत आल्यावर दोघेही तीच मागणी पुढे पाठवणार, मग गोंधळ? नाही. सर्व्हर मॅक पत्ता ओळखून साधारणपणे एकच आयपी देऊ करतो; संगणक एक उत्तर घेतो, दुसरं सोडून देतो. मध्यस्थ मागणीत स्वतःचा खरा पत्ता लिहितो, म्हणून त्याने फायरवॉलमध्ये दोन्ही राऊटरचे खरे पत्ते, .2 आणि .3, उघडले. गेटवे म्हणून संगणकांना सांगायचा तो मात्र दोघांचा सामाईक .1. हे तिन्ही वाटपातून वगळलेले आहेत ना, तेही तपासलं.

नवा पॉवर सप्लाय आंबा घाटातून कोल्हापूरहून आला. तो बसवून झाल्यावर तरुणाने पहिल्याची वायर मुद्दाम उपटली आणि काकांच्या संगणकावर पत्ता सोडून पुन्हा मागवला. सर्व्हरच्या नोंदीत मध्यस्थाचा पत्ता उमटला: .3.