कोणाकडे निघालात?

आमची इमारत पत्र्यांआड गेली आणि लक्षात आलं, की आता आपल्याला कुठेही जाता येईल. मुलुंड पूर्वेला सध्या दर दोन-चार इमारतींमागे एक अशी निळ्या पत्र्यांत गुंडाळलेली दिसते. बिल्डर भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो, नव्या घराचा रंगीत नकाशा देतो. ताबा कधी, एवढं सोडून सगळं सांगतो. आमचं निम्मं सामान भावाकडे डोंबिवलीला गेलं. उरलेलं भाड्याच्या फ्लॅटमध्ये खोक्यांतच राहिलं, कारण उघडून मांडायचं तर पुन्हा बांधायचंच. मग बायको एकदा म्हणाली, "खोक्यांवर पहारा द्यायला दोघं कशाला हवीत? एकही नको." त्यातून ही कॅरव्हॅन निघाली. अलिबागपासून रेडीपर्यंत, समुद्र उजव्या हाताला ठेवून, जमेल तितके दिवस.

मूळ खूळ भाचीचं. ती इंग्लंडात रेडिंगला असते आणि दर उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर मोटरहोम भाड्याने घेऊन खेड्यापाड्यांत हिंडते. तिच्या व्हिडिओंत दोन्ही बाजूंना गाडीहून उंच झुडपांची कुंपणं आणि मधून एकच वाहन जाईल एवढी वाट असते. समोरून ट्रॅक्टर आला, की कोणीतरी एकाने मागे मागे जात रुंद जागा गाठायची. रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणाच्या कडेला मुक्काम. तिकडच्या जुन्या कॅरव्हॅन क्लबने अशी शेतांवरची ठिकाणं मान्य केलेली आहेत. एका ठिकाणी पाचच गाड्या, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि संडासची टाकी ओतायची सोय. पैसे द्यायचे आणि झोपायचं.

तिच्या घरापासून जवळच ट्वायफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या डॉ. गॉर्डन स्टेबल्सने १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून एक घरगाडी बांधून घेतली. हा गृहस्थ नौदलातला निवृत्त सर्जन, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. सुटीसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली ही पहिली कॅरव्हॅन समजली जाते. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. नाव 'वाँडरर', म्हणजे भटकी. तो ती घेऊन थेट स्कॉटलंडात इन्व्हरनेसपर्यंत गेला. गाडीवान होता, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे पुढे जाऊन अरुंद रस्त्यावरच्या लोकांना 'गाडी येतेय' म्हणून सावध करायचा. भटकंतीची हौस मालकाची, पायडल मारायचे नोकराने! पण हसावं तर आमच्याही गाडीबरोबर ड्रायव्हर आलाच. आपल्याकडे कॅरव्हॅन भाड्याने घेतली, की बहुतेक वेळा चालकासकट मिळते. आमचा साताऱ्याकडचा, तिशीतला, अबोल. गाडीत झोपायची सोय चौघांची, पण तो पुढच्या सीटवरच पाय दुमडून झोपणार. "आत झोप रे," म्हटलं तर म्हणे, "सवय आहे काका." हा प्रश्न आमचा अजून सुटलेला नाही, आणि सुटी आपली असली तरी ती त्याची नाही, हे आरशात त्याचे डोळे दिसले की आठवतं.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच, पोटातून बदललेली. सोफा ओढला की पलंग, टेबल दुमडलं की भिंत, ओट्याचं झाकण लावलं की ओटा गायब. कंपनीचा मुलगा हे सगळं मोठ्या कौतुकाने शिकवत होता. मला हसू येत होतं. माझं बालपण घाटकोपरला पंतनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीत गेलं. पलंगाखाली पेट्या, माळ्यावर गाद्या, दाराआड इस्त्रीचं टेबल, मोरीत एक जण आत असेल तर दुसऱ्याने पाठ फिरवायची. पाहुणे आले की आमची खोली अर्ध्या तासात तीन वेळा आकार बदलायची. उपनगरातल्या मराठी माणसाला जागा दुमडायला कोणी शिकवू नये. तिकडे मोटरहोमवाले लोक आवराआवरीवर पुस्तकं लिहितात म्हणे. आमच्या आईने दोन व्याख्यानं सहज दिली असती.

अडलं ते देवांपाशी. देव्हारा डोंबिवलीला गेला होता, पण अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बायकोने स्वतःकडे ठेवले होते. सिंकच्या वरच्या फळीवर त्यांना बसवलं. ऐरोली पुलाच्या आधीच्या गतिरोधकावर दोघंही पडले, आणि अन्नपूर्णेची पळी सोफ्याखाली गेली. मग मऊ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा तांदळाच्या पिशवीत. गाडी थांबली की डबा उघडायचा, पुसायचं, बसवायचं, हळदकुंकू लावायचं; निघताना पुन्हा गुंडाळायचं. पालखीतले देवही असेच गावं बदलतात, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

निघताना समोरच्या गॅलरीतून आजींनी विचारलं, "एवढी मोठी गाडी! देवदर्शन का?" मी सांगायला लागलो, की नाही हो, असंच, किनाऱ्याने. बायकोने मला कोपर मारलं आणि वर बघून म्हणाली, "हो, देवदर्शनच." आजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. निवांतपणे वळणं घेत निघालेल्या गाडीत मी बराच वेळ त्या कोपराचा विचार करत होतो. आमच्या घराण्यात कारणाशिवाय कोणी निघालेलं नाही. वडील निघाले ते नोकरीसाठी, आई निघायची ती बाळंतपणं आणि तेराव्यांसाठी, आम्ही गणपतीला गावी. रजेच्या अर्जातही कारणाचा रकाना असतो. महिनाभर, कारण नसताना, चांगल्या प्रकृतीची दोन माणसं फिरतायत हे आपल्याकडे आळशीपणा आणि माज यांच्या मधे कुठेतरी बसतं.

पेणजवळ चहाला थांबलो तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे आठवले. वरसई याच पेण तालुक्यातली. १८५७ साली कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून ते काकांबरोबर उत्तरेकडे चालत निघाले, बंडाच्या ऐन गर्दीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली. भाची ज्या क्लबच्या कुरणांवर उतरते, तोही १९०७ चाच. एकाच साली तिकडे विनाकारण हिंडणाऱ्यांनी क्लब काढला आणि इकडे कर्जापायी हिंडलेल्या भिक्षुकाचं पुस्तक निघालं. यात गोऱ्यांचं मोठेपण काही नाही. ज्याचं पोट भरलेलं, त्याला विनाकारण निघता येतं. पण आता आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांची पोटंही भरली आहेत, तरी सवय जात नाही. तो चहा आम्ही दोघांनी उभ्याने, जीभ भाजत, दोन घोटांत संपवला. ड्रायव्हर बाकड्यावर बसून बशीत ओतून पीत होता.

वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळलो. अलिबागच्या पुढे नागाव-चौलचा रस्ता वाड्यांमधून जातो, आणि इथे भाचीचं इंग्लंड अचानक भेटलं: दोन्ही बाजूंना गडगे, त्यावर सुपारी-नारळाची गर्दी, मधे एकाच गाडीची वाट. फरक इतकाच, की आमच्या छतावर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या यायच्या. ड्रायव्हर काठी घेऊन खाली उतरायचा, बायको मागून "जरा डावीकडे, डावीकडे" ओरडायची, समोरची एसटी शांतपणे मागे जायची. स्टेबल्सच्या तीनचाकीवाल्याचं काम आता मला नीट कळलं.

अंधार पडला तरी मुक्काम ठरेना. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कचीही तरतूद आहे. पण आमच्या वाटेवर तसली एकही पाटी दिसली नाही. शेवटी एका वाडीच्या दिंडीदारापाशी थांबून विचारलं. लुंगीतले गृहस्थ टॉर्च घेऊन आले.

"कोणाकडे आलात?"

"कोणाकडेच नाही."

"मग?"

"रात्रभर गाडी लावायची होती. पैसे देऊ."

त्यांनी टॉर्च गाडीवरून फिरवला, आमच्यावर फिरवला. "गाव कुठलं तुमचं?" मी मुलुंड म्हणालो. ते त्यांना पुरेसं नव्हतं. वडिलांचं गाव सांगितलं, तेव्हा त्यांच्या मेव्हणीच्या सासरचं कोणीतरी तिथलं निघालं आणि दिंडी उघडली. पैसे घेतले नाहीत. सोलकढी आली. वहिनी आत येऊन फळीवरच्या अन्नपूर्णेच्या पाया पडल्या. सकाळी ड्रायव्हरने हळूच विचारलं, "काका, ती टाकी कुठं ओतायची?" आणि यजमानांनी, जरा नाक मुरडत का होईना, स्वतःच्या सेप्टिक टँकचं झाकण उघडून दिलं.

हे सगळं सांगायला गोड आहे. पण दर रात्री मेव्हणीच्या सासरचं कोणी निघणार नाही, आणि कोणाच्या आदरातिथ्यावर आपल्या संडासच्या टाकीचा भार टाकणं मला पटत नाही. ज्याला अशी वाडी मिळणार नाही, तो ती टाकी रात्री खाडीत ओतेल. ओतत नसेलच असं मी म्हणणार नाही. पर्यटन खात्याला माझं सांगणं आहे, की नवे पार्क बांधायच्या आधी एसटीकडे बघा. राज्यभरात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. जागा आहे, पाणी आहे, रात्रपाळीचा माणूस आहे, आणि गाड्या धुतात तिथे गटारही आहे. आगाराच्या एका कोपऱ्यात चार गाड्यांपुरती जागा आखा, एक नळ, एक विजेचा प्लग आणि मैलाटाकी ओतायला झाकणाचा खड्डा द्या, आणि रीतसर भाडं घ्या. किनाऱ्याजवळच्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली आणि गुहागरपासून सुरुवात करायला हरकत नाही.