तीन पाटे कमी

जुन्या जीपबद्दल आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. एक म्हणजे ती कुठेही जाते. आणि दुसरा, तिच्यात बसलं की हाडं खिळखिळी होणारच, त्याला इलाज नाही. पहिला समज बराचसा खरा आहे. दुसऱ्यापायी मी माझे सलग सहा वीकएण्ड घालवले. कुणाच्या अंगणात अशी एखादी जीप उभी असेल तर उपयोग होईल, म्हणून हा प्रपंच.

जीप मूळची माझ्या काकांची. १९९६ सालची, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. वेल्ह्याच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे काकांनी ती वीसेक वर्षं हाणली. भाताची पोती, खताच्या गोण्या, सिमेंट, म्हशींची पेंड, काय म्हणाल ते त्या जीपमधून गेलंय. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि जीप पुण्यात माझ्याकडे आली. वर्षभर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहून फक्त धूळ खात होती.

मग शेताचा विषय निघाला. एक गिऱ्हाईक चालून आलं, भावही बरा देत होतं. काकूंची हरकत नव्हती. राहिली बाबांची सही. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, मणक्यात गॅप आहे, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की दणके टाळा. बाबांचं म्हणणं एकच, "बांधावर एकदा उभा राहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

आता गाव म्हणजे डांबरी रस्ता संपल्यावर आणखी ७ किलोमीटर. त्यात दोन ओढे, बाकी सगळी खडी आणि खोलगट चाकोऱ्या. आमच्या छोट्या गाडीचं पोट तिथे घासतं. भाड्याच्या गाडीवाल्यांना रस्ता सांगितला की ते "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. राहता राहिली जीप. एका रविवारी बाबांना जीपमधून चौकापर्यंत नेऊन परत आणलं. उतरताना त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाले, "दादाला पाठ नव्हतीच बहुतेक!"

सल्ले भरपूर मिळाले. गॅसचे शॉकप टाक. एअरवाली सीट बसव. बाहेरून मागवलेलं सस्पेन्शन किट लाव, लाखभर जातील पण लोण्यासारखी चालेल. विकून टाक. गंमत बघा, शेवटचा सल्ला सोडला तर प्रत्येकजण गाडीत काहीतरी घालायलाच सांगत होता.

मी काही मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला माणूस. पण बग शोधण्याची एक सवय हाताला लागलेली आहे. आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग परत मोजायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बग गेला, तर तो कशामुळे गेला हे कळतच नाही. मग सहा महिन्यांनी तोच बग परत येतो आणि आपण पुन्हा शून्यावर.

तर मोजायचं कसं? आजकाल प्रत्येकाच्या फोनमध्ये अॅक्सेलरोमीटर असतोच. फोन जीपच्या फरशीला चिकटपट्टीने घट्ट बसवला, आमच्या मागच्या कॅनॉल रोडचा एक खराब तुकडा निवडला, आणि ताशी २५ च्या वेगाने त्यावरून जाऊन आलो. आलेख पाहिला तर जीप सेकंदाला साधारण तीन वेळा वरखाली होत होती.

हा आकडा का महत्त्वाचा ते सांगतो. स्प्रिंग आणि तिच्यावरचं वजन, या जोडीचा स्वतःचा एक ठेका असतो. साध्या मोटारींमध्ये तो सेकंदाला १ ते १.५ च्या आसपास असतो, आणि आपल्याला तो झुलल्यासारखा वाटतो. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हिसक्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते साधारण ४ ते ८ च्या पट्ट्यात, कारण पोट आणि पाठीचा कणा तिथे स्वतःच डुलायला लागतात. म्हणजे गाडीचा ठेका जितका वर सरकेल, तितका तो दुखऱ्या पाठीच्या जवळ जातो. तीन म्हणजे फारच जवळ.

दुसरं मोजमाप आणखी सोपं. ओळखीच्या किराणावाल्याकडून ५० किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या आणल्या आणि मागच्या एक्सेलच्या बरोबर वर ठेवल्या. चासी किती खाली बसते ते पट्टीने पाहिलं. १०० किलोला फक्त ६ मिलिमीटर! मागच्या स्प्रिंगांवर रिकाम्या गाडीचं ४५० किलोच्या आसपास वजन आहे. त्यावरून हिशेब केला तर सेकंदाला तीनच आले. फोन आणि तांदूळ, दोघांचं एकमत झालं. :)

आता दुरुस्ती. पहिली पाळी फुकटच्या गोष्टीची, म्हणजे हवेची. चारही टायरमध्ये ४० हवा होती. टायरच्या कडेवर छापलेला आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल तो. तुमच्या गाडीला किती हवा लागते हा निराळा प्रश्न आहे. रिकाम्या जीपला ४० म्हणजे चाकं लाकडाची बसवण्यासारखंच. २६ वर आणली. खडीवरची थरथर तिथल्या तिथे कमी झाली. मोठे दणके मात्र होते तसेच.

दुसरी पाळी पाट्यांची. जीपच्या चाकावर गोल स्प्रिंग नसते, एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. चाक वर गेलं की पाटे वाकतात आणि वाकताना एकमेकांवर घसरतात. त्यांच्यामध्ये वीस वर्षांचा गंज आणि चिखल बसला की घसरणं बंद होतं. मग लहान खड्ड्याला स्प्रिंग हलतच नाही. घर्षण मोडण्याइतका जोर आला तरच ती एकदम सुटते. तोपर्यंत मधे नुसता लोखंडाचा ठोकळा आहे असं समजा.

हे काम घरी करण्यातलं नाही. ट्रक उभे असतात त्या भागातल्या एका पाटेवाल्याकडे गाडी नेली. त्याने यू बोल्ट सोडले, मागचा जुडगा खाली उतरवला आणि पाटे मोजले. एका बाजूला दहा. त्यातले तीन बाजूला काढून त्याने फरशीवर वाजवले.

"हे तीन मूळचे न्हाईत. जाडी बघा, रंग बघा. कुणीतरी मागनं घातलेत."

"कशासाठी?"

"मालासाठी. भरल्या गाडीचं काम आहे हे साहेब. रिकामी फिरवायची तर कशाला वागवताय?"

मूळचे सात पाटे ६ मिलिमीटर जाडीचे होते, हे तीन ८ मिलिमीटरचे. फरक दिसायला किरकोळ आहे, पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे एक जाड पाटा जवळपास अडीच पातळ पाट्यांएवढा. तीन पाटे घालून काकांनी स्प्रिंग साधारण दुप्पट कडक करून घेतली होती.

सगळे पाटे तारेच्या ब्रशने घासले, मधे ग्रेफाइट ग्रीस लावलं आणि सातच परत बांधले. दुसऱ्या बाजूलाही तेच. शॅकलचे रबरी बुश चेपून चपटे झाले होते, ते बदलले. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. रबरी बुशला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून खराब होतं. आणि त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

परत त्याच दोन गोण्या, तीच पट्टी. आता १०० किलोला १२ मिलिमीटर. ठेका तीनवरून २.१ वर आला. गाडी मागून इंचभर खाली बसली, म्हणून एक्सेल आणि वरच्या रबरी ठोकळ्यातलं अंतर मोजून घेतलं. तीन इंच शिल्लक होतं, पुरेसं आहे.

त्या रात्री सहज म्हणून एक हिशेब केला. काकांचे दहा पाटे तसेच ठेवले आणि गाडीत अर्धा टन माल भरला, तर ठेका किती? उत्तर आलं २.१.

मी दोनदा करून पाहिला. तोच आकडा. म्हणजे पोती भरलेली असताना काकांची जीप जितकी मऊ चालायची, तितकीच ती आता रिकामी असताना, तीन पाटे कमी करून चालते. जीप बिघडलेली नव्हतीच. ती काकांच्या कामाच्या मापाने शिवलेली होती, आणि आम्ही ती रिकामी फिरवत होतो. बाबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे दादाला पाठ होती तर."

असो. तिसरी पाळी शॉकपची. स्प्रिंग मऊ झाली की तिची उडी थांबवणारं कुणीतरी लागतं, नाहीतर एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा नाचते. मागचे दोन्ही शॉकप काढून हाताने ओढून पाहिले. अर्ध्या वाटेपर्यंत काहीच अडवत नव्हते, म्हणजे आतलं तेल संपलेलं. साधे नवीन आणले, गॅसचे नाहीत. पुढचे पाटे फक्त साफ करून ग्रीस केले, कारण तिथे जादा काही घातलेलं नव्हतं. ३०० किलोमीटर झाल्यावर सगळे यू बोल्ट परत आवळून घेतले. हे विसरू नका, पाटे बसतात आणि बोल्ट ढिले होतात. एकूण खर्च ११ हजारांच्या आत. लाखाच्या किटचं पान मी ब्राउझरमधून बंद केलं.

"अजून दोन पाटे काढ की, आणखी मऊ होईल," असं एक मित्र म्हणाला. त्याचं उत्तर १९३०च्या दशकात मिळालेलं आहे. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. तिथे त्याने एका गाडीवर वजनं मागेपुढे सरकवून बरेच प्रयोग केले. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागच्या स्प्रिंगचा ठेका पुढच्यापेक्षा थोडा जलद असेल तर मागची बाजू उशीर भरून काढते आणि गाडी सपाट राहते. उलट असेल तर ती घोड्यासारखी पुढेमागे डुलते. आमच्या जीपचा पुढचा ठेका १.९ भरला. मागचा २.१. आणखी पाटे काढले असते तर ही जोडी उलटी झाली असती.

शिवाय जीपचा स्वभावही आहेच. १९४१ची विलीज जीप पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अवघी ८० इंचांची होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली, आणि आपल्याकडच्या जीपा त्याच वंशातल्या. आखूड गाडी आणि दोन्हीकडे जड सरळसोट एक्सेल, म्हणजे ती कधीच मोटारीसारखी चालणार नाही. मोटारीसारखी चालली असती तर त्या ओढ्यातून गेलीही नसती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी गावी गेलो. शेवटचे ७ किलोमीटर ताशी १२ ते १५ च्या वेगाने. बाबांनी समोरचा दांडा धरून ठेवला होता, पण बोटं पांढरी पडलेली नव्हती. दुसऱ्या ओढ्यापाशी तर ते शेजारच्या रानात कुणी काय लावलंय ते सांगायला लागले. भात कापणीला आलेलं होतं. बाबा बांधावर उतरले, थोडं चालले, एका जागी बराच वेळ उभे राहिले. मी जीपपाशीच थांबलो. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कापायला माणसं कोण मिळतील?"

दुसऱ्या दिवशी पाठ दुखली, पण नेहमीएवढीच. गोळी घ्यावी लागली नाही.

सही अजून झालेली नाही. गिऱ्हाईकाने दोनदा फोन केला, बाबा "बघू" म्हणतात. शेत राहिलं तर पुढच्या वर्षी भात आम्हालाच आणावं लागेल, आणि पोती वाहायची असतील तर सात पाट्यांवर भागणार नाही. म्हणून काढलेले पाटे, दोन्ही बाजूंचे मिळून सहा, मी तेल लावून गोणपाटात गुंडाळून गॅलरीत ठेवले आहेत. भंगारात कधी देणार, असं बायको दर रविवारी विचारते. बाबांची सही होईपर्यंत तरी नाही.