शेऱ्याचा रकाना

हॅम रेडिओत बोलण्याइतकंच नोंदीला मोल आहे. भारतातल्या हौशी रेडिओ केंद्रांसाठीच्या 1978 च्या नियमांनी लॉग ठेवणं बंधनकारक केलं. पण त्याहून जुनी एक रीत आहे. झालेला संपर्क एकाच्याच वहीत असून भागत नाही, तो समोरच्याच्याही वहीत हवा. दोन्ही नोंदी जुळल्या, तरच तो धरायचा.

माझा पहिला लॉग म्हणजे पुठ्ठा बांधणीची एक लांब वही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस परवाना हातात आला, तेव्हा अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानातून ती आणली. पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, दिलेला रिपोर्ट, मिळालेला रिपोर्ट, नाव, गाव आणि अगदी कडेला शेरा. वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. पहाटे पाचला अमेरिकेतला कुणी भेटला, की तो वहीत आदल्या दिवशीच्या तारखेला बसायचा.

शेऱ्याचा रकाना भरायची सक्ती कुणीच केलेली नव्हती. मी तो भरत गेलो, कारण मला माणसाचं कुतूहल होतं. गच्चीवर चाळीस मीटर बँडचा डायपोल होता, टोकापासून टोकापर्यंत साधारण वीस मीटरची तार. तिच्यावर जपान यायचा, रशिया यायचा. पण बोरिवलीच्या मित्राला व्हीएचएफवर मुलुंड गाठणं जड जायचं, कारण मधे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवरून परतून समुद्र ओलांडते, व्हीएचएफला मात्र टेकडी आडवी येते. अशा लहरींवरून आलेल्या माणसाबद्दल कॉलसाइन आणि ‘59’ असा सिग्नल रिपोर्ट एवढंच लिहून माझं समाधान होत नसे. ‘सेट स्वतः जुळवलाय’, ‘बाहेर बर्फ, मुलगी परीक्षेला बसलीय’ असं काहीबाही मी कडेला लिहायचो.

कागदी वहीत नोंदी लागतात काळाच्या क्रमाने, माणूस मात्र लागतो नावाने. कुणी म्हणालं, ‘आपण आधी बोललोय’, की पानं उलटत बसायचं. तोवर बँड फिरायचा आणि तो माणूस ऐकू येईनासा व्हायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरी संगणक आला आणि लॉगिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. कॉलसाइनची अक्षरं टाइप करता करताच खालच्या चौकटीत त्या माणसाच्या जुन्या भेटी दिसू लागल्या: नाव, गाव आणि माझा शेरा. ‘मुलीची परीक्षा कशी गेली?’ असं विचारलं, की पलीकडचा आवाज क्षणभर थांबायचा आणि मग खुलायचा. या सोयीसाठी सगळ्या जुन्या वह्या मी रोज संध्याकाळी थोड्याथोड्या करून संगणकात उतरवल्या. 1996 मध्ये एडीआयएफ हा लॉगच्या फाइलींसाठीचा सामाईक साचा ठरलेला होता. ती साध्या मजकुराचीच फाइल असते, त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर बदललं, संगणक बदलले, तरी लॉग तोच राहिला.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे वीज गेली, मोबाइल लागेनात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर हँडसेट चालवत, मेणबत्तीजवळ पुन्हा कागद घेऊन बसलो. कोण कुठे अडकलंय, कुणाच्या घरी काय कळवायचं, एवढेच निरोप. पाणी ओसरल्यावर तेही पान संगणकात चढवलं. त्या रात्रीच्या नोंदींत बाकीचे रकाने नावापुरते आहेत, सगळा मजकूर शेऱ्यात आहे.

दोन नोंदी जुळवण्याचं कामही आता यंत्राकडे गेलं आहे. पूर्वी संपर्काची पोच देणारं क्यूएसएल कार्ड ब्यूरोमार्फत यायला वर्ष-वर्ष लागायचं. 2003 मध्ये अमेरिकेच्या एआरआरएल संस्थेने ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ सुरू केलं. दोघांनी डिजिटल सही करून आपापला लॉग चढवायचा. कॉलसाइन, बँड आणि मोड जुळले आणि वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक नसला, की संपर्क पक्का. 2017 मध्ये एफटी8 हे डिजिटल तंत्र आलं. ते बनवणाऱ्यांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट यांच्या खरखरीने भरलेल्या उपनगरात, कानाला ऐकूच न येणारा सिग्नल ते पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत वाचतं. सगळा संपर्क दीड मिनिटाचा आणि नोंद एका क्लिकची. माझ्यासारख्या, आता खिडकीबाहेर तार सोडणाऱ्याला जग पुन्हा मिळालं ते त्याच्यामुळे. मात्र तिथे कॉलसाइन, ग्रिड आणि डेसिबलचा आकडा यापलीकडे सहसा काही बोललंच जात नाही. शेऱ्याची चौकट रिकामी राहते.

ती रिकामी राहू नये असं मला का वाटतं, हे घाटकोपरच्या मित्राच्या निधनानंतर नीट कळलं. त्याच्या मुलाने विचारलं, ‘काका, बाबा रात्री एवढं काय बोलायचे?’ मी लॉगमध्ये मित्राचं कॉलसाइन टाकलं आणि सगळ्या नोंदी छापून दिल्या. तारखा आणि रिपोर्ट मुलाने भराभर उलटले. तो थांबला ते शेऱ्यांपाशी: ‘नवा अँप्लिफायर चालला’, ‘आईचं ऑपरेशन नीट झालं’, ‘पोराला आज मोर्सची पहिली अक्षरं शिकवली’.

आता नव्याने परवाना घेतलेली मुलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं विचारायला येतात. मी सांगतो, एडीआयएफ काढता येईल असं कुठलंही घ्या आणि त्या फाइलची प्रत दोन जागी ठेवा. वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड हे रिगला जोडलेला संगणक स्वतः भरेल, ते त्याला भरू द्या. वाचलेला वेळ समोरच्या माणसाला द्या. त्याला एक प्रश्न जास्त विचारा आणि त्याचं उत्तर शेऱ्यात लिहा, कारण ती चौकट तुमच्याखेरीज दुसरं कुणी भरणार नाही.